काटकसरीचा केंद्रशासित प्रदेश

दादरा-नगर हवेलीतलं सिल्वासा हे गाव बचतीवर उभं आहे. यात कौतुक नाही आणि टोमणाही नाही. मी इथल्या एका सुताच्या कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळे जे दिसतं ते सांगते. कारखाने इथे आले ते दमणगंगेचं पाणी गोड लागलं म्हणून नव्हे, करातली सवलत गोड लागली म्हणून. शेजारी गुजरातेत दारूबंदी, म्हणून शनिवारी संध्याकाळी वापीच्या बाजूनं गाड्यांची रीघ. पेट्रोल महाराष्ट्रापेक्षा स्वस्त, म्हणून तलासरीकडचे एमएच नंबरवाले इथल्या पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरून घेतात आणि वाचवलेल्यातलं निम्मं परतीच्या वाटेवर जाळतात.

इथला इतिहाससुद्धा काटकसरीचा. १९५४ साली पोर्तुगीजांना इथून हुसकावायचं ठरलं तेव्हा कार्यकर्त्यांकडे उमेद भरपूर आणि पैसे नव्हते. सुधीर फडके त्यात होते. लता मंगेशकरांनी पुण्यात गाण्याचा कार्यक्रम केला, त्यातून निधी उभा राहिला. जुलैत दादरा सुटलं, २ ऑगस्टला सिल्वासा सुटलं. पुढची सात वर्षं हा मुलूख ना पोर्तुगालचा होता ना रीतसर भारताचा. तरी कारभार चालला. टपालाची तिकिटं नव्हती, तर पोर्तुगीजांचीच शिल्लक तिकिटं घेतली आणि त्यांवर ‘मुक्त प्रदेश’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द छापून चालवली. टाकाऊतून टिकाऊ! पुढे ११ ऑगस्ट १९६१ला विलीनीकरणाच्या कागदावर नेहरूंच्या सहीसमोर सही करायला तोलामोलाचा माणूस हवा होता. मग बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एक दिवसापुरतं पंतप्रधान केलं. पाहुण्यांपुरती कपबशी काढावी आणि धुऊन परत कपाटात ठेवावी, तसं ते पद वापरलं आणि ठेवून दिलं. पगार, बंगला, निवृत्तिवेतन, सगळं वाचलं.

अशा गावातली माणसं दुधाच्या पिशव्या धुऊन फरशीला चिकटवणार नाहीत तर काय करतील?

आमची इमारत आमलीत आहे. खाली नवसारीच्या बेन, समोर जळगावच्या वहिनी, वर दरभंग्याच्या भाभी. सगळ्यांचे नवरे कुठल्या ना कुठल्या कारखान्यात. सगळे बाहेरचे, त्यामुळे कोणाचं कोणावाचून अडत नाही आणि कोणाची कोणाशी ओळखही पटकन होत नाही. हवापाण्यावर बोलावं तर पावसाळ्यात इथे पाऊस आणि फक्त पाऊस, विषय एका वाक्यात संपतो. राजकारणावर बोलावं तर चार घरांत चार टीव्ही चार वाटांनी ओरडत असतात. शेवटी बोलायला उरते ती घरगुती टीप. कैरी महाग झाली, डाळीला किडे झाले, कुकर आतून काळा पडला, की दारं उघडतात. माझं मत असं की टीप दिल्यानं पैसे फारसे वाचत नाहीत. वाचतो तो संकोच. रिकाम्या हातानं शेजारणीच्या दारात उभं राहायला कारण लागतं, ते कारण म्हणजे टीप.

टीप देण्याचेही रिवाज आहेत. कोणीही ‘हे मी शोधून काढलं’ असं म्हणत नाही. टीप नेहमी सासूबाईंची असते. वर्षभर ज्या सासूबाईंबद्दल जिन्यात हळू आवाजात बोलणं चालतं, त्यांना टिपेपुरती आचार्यपदाची वस्त्रं मिळतात. ‘आमच्या सासूबाई डाळीला एरंडेल चोळायच्या.’ आणि ऐकणारी कधीही ‘मला माहीत होतं’ असं म्हणत नाही, ते अपमानास्पद. ती म्हणते, ‘आमच्याकडे त्यात थोडं मीठ घालतात.’ या मिठावाचून एकही टीप पुढे सरकत नाही. चांदीची भांडी रांगोळीनं घासा, थोडं मीठ घालून. केसांना शिकेकाई लावा, त्यातसुद्धा एकदा मीठ आलं होतं. नवसारीच्या बेन मात्र वेगळ्या. त्या सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘एमां शुं!’ त्यात काय मोठंसं! एवढ्या दोन शब्दांत त्यांनी आमच्या अनेक सासूबाईंना निवृत्त केलं आहे.

टीप देणाऱ्यांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे माप न सांगणं. ‘जरा’, ‘बेताचं’, ‘अंदाजानं’, ‘रंग बदलेपर्यंत’. मी हिशेबातली बाई. मला ‘बेताचं’ कुठल्या रकान्यात लिहायचं ते कळत नाही. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधरांनी ‘गृहिणीमित्र’मध्ये हजार पाकक्रिया लिहून काढल्या, १९७०च्या ‘रुचिरा’त कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याचं माप दिलं आणि माहेरापासून लांब पडलेल्या मुलींचा संसार सोपा केला. आमच्या जिन्यावर मात्र ही सुधारणा अजून पोचलेली नाही. वहिनींना भरल्या मिरचीत मीठ किती घालायचं विचारलं, तर त्यांनी तळहात पुढे केला, त्यावर एक अदृश्य ढीग दाखवला आणि म्हणाल्या, ‘एवढं.’ तो ढीग मी अजून मोजते आहे.

लिखित टीप येते ती कालनिर्णयाच्या पाठीमागून. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी हे कॅलेंडर सुरू केलं, तेव्हा तिथी-वार पुढे आणि वाचायचा मजकूर मागे ही सोय त्यांनी अशी करून ठेवली की मराठी घरात भिंतीला पाठ नावाची गोष्ट आली. पुढच्या बाजूला चौकोनाचौकोनांत आमचा सगळा जमाखर्च असतो. ‘दूध दीड’, ‘सिलिंडर लागला’, ‘मावशी आल्या नाहीत’, ‘इस्त्रीवाला ७ कपडे’. कारखान्याच्या लेखापरीक्षकांना मी कधीही घरी बोलावत नाही ते याचसाठी. इतका स्वच्छ हिशेब बघून त्यांना माझ्या ऑफिसातल्या वह्यांचा संशय यायचा. मागच्या बाजूची पाककृती वाचायची तर पान उलटं धरून मान वाकडी करावी लागते. त्यामुळे ती करून बघण्याचा योग महिना उलटल्यावर येतो. तोवर श्रावण संपलेला असतो, पाककृती उपासाची असते आणि घरात माशांचा वास. वर्ष संपलं की ती पानं मांडणीवर डब्यांखाली जातात. आमच्या घरात डाग काढण्याच्या उत्तमोत्तम युक्त्या तेलाच्या बरणीखाली आहेत आणि त्यांवर तेलाचे गोल डाग आहेत.

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे येऊ. दोडक्याच्या शिरांची चटणी ही महाराष्ट्राची काटकसरीतली मानाची पालखी. शिरा फुकट, हे खरं. पण त्या कुरकुरीत व्हायला तेल लागतं, मग तीळ, सुकं खोबरं, लसूण, लाल मिरची, आणि मंद आचेवर परतत राहायचा गॅस. मी एकदा सगळं रीतसर मांडलं. दोडक्यापेक्षा चटणी महाग पडली. कागद वहिनींना दाखवला. त्यांनी तो नीट वाचला, बेरीज तपासली, आणि म्हणाल्या, ‘पण शिरा वाया गेल्या नाहीत ना?’ सनदी लेखापालांच्या अभ्यासक्रमात या प्रश्नाला उत्तर नाही. कलिंगडाच्या पांढऱ्या सालीची भाजी, दुधीच्या सालींची चटणी, शिळ्या पोळीचा कुस्करा, कुस्कऱ्यावर शेंगदाणे, शेंगदाण्यांवर ओलं खोबरं, वर लिंबू: शिळी पोळी वाचवायला निघालेली बाई शेवटी सणाचा स्वयंपाक करून बसते. आणि मुलं शिळ्यासाठी भांडतात, म्हणून दुसऱ्या दिवशी चार पोळ्या मुद्दाम जास्त लाटते. काटकसर अशी वाढीला लागते.

हिशेब खरोखर जमतो तो तुपाचा. रोजची साय डब्यात साठवायची, विरजण लावायचं, घुसळून लोणी काढायचं आणि कढवायचं. ताक इमारतीत वाटायचं, तळाची बेरी साखर घालून पोरांना. दुकानातल्या तुपाशी ताडून पाहिलं तर यात नफा आहे. मात्र मजुरी धरायची नाही. मजुरी धरली तर घरचं तूप कोणालाच परवडणार नाही, म्हणून कुठल्याच घरात ती धरत नाहीत.

नवसारीच्या बेनकडून शिकण्यासारखा एक जिन्नस म्हणजे छुंदो. आपण साखरांबा करताना कैरी गॅसवर शिजवतो. त्या राजापुरी कैरी किसतात, मीठ-हळद लावतात, साखर मिसळतात, पातेल्याला पातळ फडकं बांधतात आणि गच्चीवर उन्हात ठेवून देतात. रोज एकदा ढवळायचं. आठ-दहा दिवसांत उन्हानंच पाक तयार होतो, मग तिखट आणि भाजलेलं जिरं. गॅसचा खर्च शून्य. ऊन हा या प्रदेशातला बहुधा एकमेव कच्चा माल, ज्यावर जीएसटी नाही. पण फुकट म्हटलं की भांडण आलंच. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गच्चीवर उन्हाच्या हक्काची जी वाटावाटी चालते ती बघितली तर पाणीतंट्याच्या लवादांना घाम फुटेल. टाकीच्या दक्षिणेला वहिनींच्या कुरडया, पूर्वेला बेनचं पातेलं, मध्ये भाभींची सातूसाठी धुतलेली हरभऱ्याची डाळ. टाकीची सावली सरकली की हद्द सरकते. कोणाची साडी कोणाच्या पापडांवर सावली धरते यावरून दोन दिवस अबोला, तिसऱ्या दिवशी वाटीभर छुंदो आणि त्या वाटीतून परत गेलेल्या कुरडया. वाटी रिकामी परत करायची नाही, हा नियम मात्र तिन्ही भाषांत सारखा निघाला.

काही टिपा शुद्ध थोतांड असतात. बेसिन तुंबलं की खायचा सोडा टाका, वरून व्हिनेगर ओता. काय फसफसतं! भाभी तर मुलांना हाक मारून दाखवतात. शाळेतलं रसायनशास्त्र आठवणाऱ्यांनी मध्ये बोलू नये, पण आम्ल आणि अल्कली एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतं खारट पाणी. बेसिन मोकळं होतं ते नंतर ओतलेल्या उकळत्या पाण्यानं. तरी मी ही टीप मोडीत काढणार नाही. नुसतं गरम पाणी ओतायला बाईला उत्साह वाटत नाही, फसफस दिसली की वाटतो. याउलट तांब्याला चिंच-मीठ, काळ्या पडलेल्या कुकरात लिंबाची सालं उकळणं, तूरडाळीला एरंडेल, हे पक्कं काम. त्यात मीठसुद्धा एका ठिकाणी अधिकृत आहे.

पण सिल्वाशाच्या काटकसरीचं खरं दुखणं वेगळंच आहे, आणि ते आमच्याच कारखान्यांतून बाहेर पडतं. ते म्हणजे पॉलिस्टर. मराठी संसाराची सगळी अर्थव्यवस्था सुती लुगड्यावर उभी होती. लुगडं विरलं की त्याची गोधडी, गोधडीच्या उरलेल्या तुकड्यांची दुपटी, दुपट्यांची फडकी, फडक्यांचं पोतेरं, आणि पोतेऱ्याचा शेवट चुलीचा ओटा सारवताना. पॉलिस्टरची साडी विरतच नाही. तिची गोधडी अंगावरून रात्रभर घसरते, दुपट्यात बाळ घामेजतं आणि पोतेरं करायला जावं तर ते पाणी पीत नाही, नुसतं इकडचं तिकडे ढकलतं. एकदा घेतलेली साडी तुमच्यानंतरही राहणार याची खात्री, पण कामाला शून्य. कोनांवरचं वाया गेलेलं सूत तेवढं वेलांना बांधायला, तोरणं विणायला आणि पायपुसणी करायला जातं. कागदी कोन गणपतीत मखराचे खांब होतात. आमच्या इमारतीच्या गणपतीला जितके खांब असतात तितके हेमाडपंती देवळालाही नसतील.

तर असल्या साड्यांचं करायचं काय? बोहारीण. ती दिवाळीच्या आधी येते, डोक्यावर स्टीलच्या भांड्यांचा मनोरा आणि खांद्याला गाठोडं. जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर बसते, म्हणजे आपल्याला तिसरीवर उभं राहून खाली वाकून बोलावं लागतं. तिथेच निम्मा सौदा तिच्या बाजूनं झुकतो. मी पाच साड्या, दोन पँटी आणि मुलाचा गणवेश मांडला. समोर एक तीन लिटरचं झाकणाचं पातेलं होतं, त्यावर माझा डोळा. तिनं पहिली साडी उचलली, काठ दोन बोटांत चुरगाळला, कानाजवळ नेऊन ऐकला, मग उजेडात धरला.

‘बेन, आ तो पॉलिस्टर छे.’

‘मग? चांगली आहे. इथेच बनतं ते सूत, आमच्या गावात.’

‘बनता इधर होगा,’ तिनं घडी घालत सांगितलं, ‘बिकता इधर नहीं है.’

मग तिनं पातेलं गाठोड्यामागे सरकवलं आणि चहाची गाळणी पुढे केली. मी पँटींकडे बोट दाखवलं. तिनं गुडघ्यावरचा भाग ताणून बघितला आणि त्यावर एक चमचा ठेवला. वहिनी मदतीला आल्या, त्यांनी जरीचा एक जुना खण वाढवला. गाळणी गेली, वाटी आली. भाभींनी जीन्स टाकली, तेव्हा कुठे एक डबा पुढे आला, तोही झाकण ढिलं असलेला. पातेलं शेवटपर्यंत गाठोड्यामागून बाहेर पडलं नाही. मला तर वाटतं ती ते कधी कोणाला देतच नसावी. ते बाजारात मन रमावं म्हणून आणत असावी.

या बाईला पेशव्यांच्या दरबारी न्यायला हवं होतं. १७७२ साली मराठी आरमाराकडून ‘सांताना’ नावाच्या एका पोर्तुगीज जहाजाचं नुकसान झालं. भरपाई म्हणून १७७९च्या तहात पेशव्यांनी नगर हवेलीच्या बहात्तर गावांचा महसूल पोर्तुगीजांना देऊन टाकला. एका जहाजापायी बहात्तर गावं! आमच्या बोहारणीनं जहाजाचं लाकूड नखानं खरवडलं असतं, शीड उजेडात धरलं असतं आणि एका गावावर प्रकरण मिटवलं असतं. तेही ढिल्या झाकणाचं.

या गावात रिकाम्या बाटल्यांचा तुटवडा मात्र पडत नाही, कारण शेजारच्या दारूबंदीचं वर सांगितलंच. म्हणून हस्तकला म्हटलं की बाटली. बाटलीवर गेरूच्या रंगाचा ॲक्रिलिकचा हात, त्यावर पांढऱ्या रंगात वारली नाच, वर वार्निश, गळ्याला सुतळी. रंगांच्या बाटल्या, तीन नंबरांचे ब्रश, वार्निश, सगळं धरलं तर ‘टाकाऊ’ बाटलीला आतल्या मूळ मालापेक्षा जास्त खर्च येतो. भाभींनी अशा बाटल्या रांगेनं खिडकीत मांडल्या होत्या. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी वारली. खानवेलच्या बाजूला त्यांचं घर. त्यांच्याकडे लग्नात चौक लिहितात तो शेणानं सारवलेल्या, गेरू दिलेल्या भिंतीवर. पांढरा रंग म्हणजे तांदळाचं पीठ पाण्यात कालवलेलं आणि ब्रश म्हणजे टोकाला चावून मऊ केलेली बांबूची काडी. सवाशिणी तो लिहितात, मध्ये पालघट देवी बसते. मावशी बराच वेळ बाटल्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आमच्यात हे लग्नाला काढतात. बाटलीचं लग्न हाय का?’

मावशींना मी एकदा त्यांच्या घरच्या टिपा विचारल्या होत्या. त्यांना प्रश्नच कळला नाही. दुधी वाळवला की त्याचा डाव होतो, पाण्याचं भांडं होतं, आणि चांगला निघाला तर तारपा होतो, ज्यावर रात्रभर नाचतात. भांड्याला राख, कणगीला शेण, पावसाळ्याला सुकट. यात सांगण्यासारखं काय, असा त्यांचा चेहरा. त्यांच्या घरात टाकाऊच काही नसतं, मग टिकाऊ करणार कशातून? आम्ही मात्र कचऱ्याच्या खतासाठी दुकानातून प्लास्टिकचा ड्रम आणला, त्यात घालायला पाकिटातली पावडर आणली, आणि तयार झालेलं खत घालायला कुंड्या आणल्या. मावशी रोज तो ड्रम पुसतात आणि काही बोलत नाहीत. या बाबतीत त्या नवसारीच्या बेनपेक्षाही कडक आहेत.

संक्रांत ते रथसप्तमी हा आमच्याकडे प्लास्टिकच्या फेरवाटपाचा हंगाम. हळदीकुंकवाचं वाण म्हणून छोटी टोपली, चाळणी, साबणाची डबी, पिठाचा चमचा. कोणालाच नको असतं, कोणीच नाही म्हणत नाही, आणि पुढच्या वर्षी तेच वाण दुसऱ्या घरी जातं. एक हिरवी चाळणी गेली काही वर्षं आमच्या इमारतीत फिरते आहे. तिच्या कडेला भाजल्याची खूण आहे, त्यावरून मी तिला ओळखते. परवाच्या संक्रांतीला ती बेनकडून परत माझ्याकडे आली. मी उत्साहानं म्हटलं, ‘अय्या, किती छान!’ बेन म्हणाल्या, ‘एमां शुं!’ त्यांनीही तिला ओळखलं होतं.

आता मासिकातलं पान घरी कापून ठेवणाऱ्यांसाठी एक कामाची गोष्ट. दुधाची पिशवी उघडताना कोपरा कापून वेगळा करू नका. निम्मा कापा, तुकडा पिशवीलाच लटकत राहू द्या. पिशवी भंगारात जाते, पण तो नखाएवढा तिकोनी तुकडा कोणी उचलत नाही. तो मोरीतून गटारात आणि गटारातून दमणगंगेत जातो. ही टीप कोणाच्या सासूबाईंची नाही, आमच्या भंगारवाल्याची आहे, आणि यात मीठ घालायचं नसतं.